आजीच्या सुरकुत्या

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने दिवंगत आजीच्या स्मृतिमिस्सेसाठी तिचे छायाचित्र मोबाईलवर सजविले. सुरकुत्या पुसल्या, वर्ण उजळविला. ते पाहून त्याची आई म्हणाली, “ही माझी आई नव्हे!” तो खिन्न होऊन आम्हांकडे आला. “फादर, छायाचित्रास हात लावूच नये काय?”

लावावा, परंतु कशासाठी, हे आधी ठरवावे. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावाचे चित्र टिपले. वर चंद्र, खाली लहानसे ख्रिस्तमंदिर आणि मावळतीच्या उन्हात उजळलेले दफनभूमीतील क्रूस. दुसरे चित्र घेण्यापूर्वीच ते ऊन सरले. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे शेकडो प्रती काढल्या. आरंभीच्या प्रतींत आकाशात ढग दिसतात. पुढे पुढे ते जवळजवळ काळे होत गेले. १९४८ साली खालचा भाग स्पष्ट उमटावा म्हणून त्यांनी निगेटिव्हवर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली. मात्र ना क्रूस वाढविला, ना चंद्र हलविला. त्या सायंकाळी जे अनुभवले तेच कागदावर उतरावे, एवढाच ध्यास होता.

शैली अशीच वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने येते. तयार साचे लावून नव्हे. म्हणून नवशिक्यांनी मूळ चित्र जपावे, केलेला बदल दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा आणि स्वतःस विचारावे : यामुळे सत्य अधिक दिसते की झाकले जाते?

त्या तरुणाने मूळ चित्र पुन्हा घेतले व केवळ डोळ्यांवरील सावली किंचित उजळली. आज ते त्यांच्या घरच्या वेदीजवळ आहे, सुरकुत्यांसह.