तलावावर शिका, शेततळ्यावर जपा

सुट्टीत पुण्याला पाहुण्यांकडे गेलं की मुलं पोहण्याच्या तलावाचा हट्ट धरतात. महापालिकेचे तलाव आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही तलाव आहे. सगळ्यांनी मिळून जरूर जा. मात्र आधी वेळ, तिकीट, बायकांची वेगळी वेळ आणि कपड्यांचा नियम विचारून घ्या. साडी किंवा सुती कपडे भिजून जड होतात, पायात अडकतात. म्हणून पोहण्याचा अंगाबरोबरचा पोशाख लागतो. उतरण्याआधी अंघोळ करा. अंगावरचा घाम आणि तेल पाण्यात गेलं की क्लोरीनचं काम वाढतं, डोळे चुरचुरतात.

जीवरक्षक असला तरी लहान मूल आपल्या हाताच्या अंतरावरच हवं. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. त्याची सगळी धडपड श्वासासाठी चाललेली असते. कुणी बुडताना दिसलं तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. दोर, काठी, साडी, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते टाका, आणि हाका मारून माणसं जमवा. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि १०८ ला फोन लावायला सांगा.

तलावाला शिडी असते, शेततळ्याला नसते. तिथला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही. पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून आपल्या शेततळ्याला कुंपण घाला, आणि काठाला पक्का बांधलेला गाठींचा दोर आत सोडून ठेवा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.