आकाशातले नाव ठरवतो कोण?

बारामतीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने बारामती-इंदापूरच्या गावांना आता नवी राहिलेली नाहीत. वरून विमान गेले की पोरे मान वर करून पाहतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात वैमानिक होण्याचे वेड शिरते. या वेडाबरोबर नावाचे कुतूहलही येते. ‘टॉप गन’ हा चित्रपट 1986 साली आला आणि त्यातल्या ‘मॅव्हरिक’मुळे जगभर समज पसरला, की वैमानिक स्वतःसाठी एखादे रुबाबदार नाव निवडतो आणि ते मिरवतो. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. आकाशातले नाव ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असते, आणि म्हणूनच ते कसे असावे याचा अंतिम अधिकारही ऐकणाऱ्यांकडेच राहतो. नागरी विमानांत हे नियमाने ठरते, हवाई दलात रिवाजाने.

आधी नागरी विमानांचे पाहू. बारामतीत कार्व्हर आणि रेडबर्ड या प्रशिक्षण संस्थांची विमाने उडत आली आहेत. अशा विमानात बसलेल्या विद्यार्थ्याचे नाव रेडिओवर कोणी घेत नाही. तिथे विमानाचा नोंदणी क्रमांक हेच नाव. भारतातल्या नागरी विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते आणि पुढे तीन अक्षरे असतात. पहिल्यांदा संपर्क साधताना ही पाचही अक्षरे उच्चारावी लागतात. त्यानंतर नाव आखूड करायचे तर आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे : नियंत्रकाने आधी आखूड नावाने हाक मारली, तरच वैमानिकाने ते वापरायचे. आपण होऊन नाही. कारण त्याच वेळी त्याच आकाशात मिळत्याजुळत्या अक्षरांचे दुसरे विमान आहे का, हे नियंत्रकाला ठाऊक असते. दोन नावांत घोटाळा होईल असे वाटले, तर तो एखाद्या विमानाला तात्पुरते दुसरे नाव घ्यायलाही सांगू शकतो. जिथे नियंत्रण मनोराच नाही अशा धावपट्टीवर तर वैमानिक एकमेकांना ऐकूनच आपापली जागा ठरवतात. तिथे अर्धवट उच्चारलेले नाव म्हणजे सरळ धोका.

मालकाला हवी ती अक्षरे मागून घेता येतातच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांनी आपल्या सहा आसनी विमानाची 2017 साली नोंदणी झाली तेव्हा ‘व्हीटी-एनएमडी’ ही अक्षरे घेतली. ती पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून. इतक्या वर्षांच्या झगड्यानंतर आलेली ती कृतज्ञता होती आणि तिचे मोल मोठे आहे. पण रेडिओवर ती अक्षरे ‘नोव्हेंबर माइक डेल्टा’ होतात. ऐकणाऱ्याला त्यामागची भावना पोचत नाही, आणि पोचण्याची गरजही नसते. तीन अक्षरे स्वच्छ ऐकू आली की काम झाले.

प्रवासी कंपन्यांची नावेही अशीच ऐकण्यासाठी ठरलेली. इंडिगोचे विमान रेडिओवर ‘आयफ्लाय’ असते, ब्रिटिश एअरवेजचे ‘स्पीडबर्ड’. पॅन अ‍ॅम ही अमेरिकी कंपनी ‘क्लिपर’ म्हणून ओळखली जाई. या ‘क्लिपर’चा उल्लेख करताना 27 मार्च 1977 टाळता येत नाही. टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएमचे जम्बो परवानगी मिळालेली नसताना धावू लागले. पॅन अ‍ॅमचे जम्बो त्याच धावपट्टीवर होते. टक्कर होऊन 583 माणसे गेली. त्या शेवटच्या क्षणांत मनोऱ्याने पॅन अ‍ॅमच्या विमानाला नेहमीच्या ‘क्लिपर 1736’ऐवजी ‘पापा आल्फा 1736’ अशी हाक मारली. अपघात त्यामुळे झाला असे म्हणणे चूक ठरेल. धुके, घाई आणि एकमेकांवर आदळलेले संदेश ही कारणे फार मोठी होती. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने तर धावपट्टी मोकळी झाली नाही का, असे विचारलेही होते. तरीही ज्या नावाला कान सरावले आहेत ते ऐन वेळी बदलले, तर ऐकणाऱ्याच्या सावधपणाचा एक आधार निघून जातो, एवढे त्यातून नक्की दिसते.

हवाई दलाकडे वळले की रंग बदलतो. मोहिमेवर निघालेल्या तुकडीला एक सामाईक नाव आणि प्रत्येक विमानाला क्रमांक असतो. 22 नोव्हेंबर 1971 रोजी बोयराच्या लढाईत उतरलेल्या आपल्या नॅट विमानांच्या तुकडीचे नाव होते ‘कॉकटेल’. त्यापलीकडे माणसाचे टोपणनाव असते आणि ते सोबती देतात. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, दुंडिगलच्या अकादमीत किंवा पहिल्या स्क्वॉड्रनमध्ये ते चिकटते. हृषीकेश मुळगावकर पुढे हवाई दलप्रमुख झाले, पण सोबत्यांत ते ‘हिर्श’च होते. हवाई दलातल्याच नचिकेता यांचे ‘नची’ झाले, घुम्मन यांचे ‘जी-मॅन’, 2025 मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेल्या शुभांशू शुक्लांचे ‘शक्स’. मजुमदारांच्या ‘जम्बो’तही आडनावातला ‘जुम’ ऐकू येतो. बहुतेक नावे एकदोन अक्षरांची, खटकन उच्चारता येणारी आहेत. गोंगाटात तेवढेच टिकते. बावड्याचे पुढारी शंकरराव पाटील यांना इंदापूर तालुका ‘भाऊ’ म्हणत असे, तेही नाव लोकांनीच दिलेले होते. हवाई दलात फरक एवढाच, की तिथे नावाला कामही करावे लागते. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर पाकिस्तानची सेबर विमाने तुटून पडली, तेव्हा ‘ब्रदर’ म्हणून ओळखले जाणारे निर्मलजितसिंग सेखों यांनी रेडिओवरून अखेरची हाक मारली ती सोबती घुम्मन यांना, ‘जी-मॅन’ म्हणून. अशा वेळी पदासकट पूर्ण नाव घ्यायला कोणाला उसंत असते?

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अपमानाचा आहे. सोबत्यांनी दिलेल्या नावात चेष्टा असते आणि चेष्टेचा छळ व्हायला वेळ लागत नाही. पहिल्या महायुद्धात हरदितसिंग मलिक पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण घालून उडत. त्यांना ‘फ्लाइंग हॉबगॉब्लिन’, म्हणजे उडणारे भूत, म्हटले गेले. हे नाव नुसते प्रेमाचे होते असे मानायला माझे मन तयार नाही. अमेरिकेच्या नौदलात 2019 साली कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तक्रारींनंतर चौकशी झाली, वंशभेदी छटा असलेली नावे आढळली आणि नावे मंजूर करण्याची पद्धत बदलावी लागली. हे योग्यच झाले. माझ्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही, उलट बळ मिळते. ज्या नावाने हाक मारल्यावर माणसाचे मन दुखावते, ते ऐकताना त्या माणसाचे निम्मे लक्ष त्या दुखण्याकडे जाते. असे नाव हाक म्हणूनही नापास आहे. नाव देण्याचा अधिकार सोबत्यांचा असला, तरी नाकारण्याचा अधिकार ते नाव वागवणाऱ्याकडे असायलाच हवा.

आता पडद्यावर विमानाची ओळख आपोआप उमटते, मग नाव उच्चारायचे कशाला, असेही विचारले जाते. पण तो पडदा नियंत्रकासमोर असतो, आणि तोही जिथे रडार आहे तिथेच. शिकाऊ विमानातल्या विद्यार्थ्याकडे मुख्यतः कान असतात. त्यासाठीच 1956 पासून ‘आल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही वर्णमाला जगभर लागू झाली. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडून ते शब्द कसे ऐकू येतात, हे तपासून ती निवडली गेली. मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींनी इंग्रजी उच्चाराचा धसका घेण्याचे म्हणूनच कारण नाही. ती वर्णमाला त्यांच्यासारख्यांनाही धरून बनवलेली आहे. त्यांनी ती सावकाश, पूर्ण आणि प्रत्येक वेळी सारखीच उच्चारायला शिकावे.