मुरगळलेल्या बोटाकडे दुर्लक्ष नको

रविवारी गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटचे डाव रंगतात आणि सोमवारी सुजलेली बोटे घेऊन मुले माझ्या दवाखान्यात येतात. "मुका मार आहे डॉक्टर, मित्राने ओढून बसवलंय," हे ठरलेले वाक्य. हे ओढणे मात्र घातक ठरू शकते. आत हाड मोडलेले असेल तर ते सरकते.

बोटाच्या प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी चिवट पट्ट्या असतात. त्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. तळव्याच्या बाजूलाही एक जाड पडदा असतो. चेंडू लागून बोट मागे किंवा बाजूला वाकले की हे ताणले जातात, कधी फाटतात. मधल्या सांध्याला ही दुखापत जास्त होते.

निदान कसे करतात? प्रथम एक्स-रे काढतात. त्यात अस्थिबंध दिसत नाही, पण मोडलेले हाड किंवा अस्थिबंधाने उपटून आणलेला हाडाचा कण दिसतो. मग सांधा हलकेच बाजूला दाबून दुसऱ्या हाताच्या बोटाशी ताडून पाहतो. दुखते पण सांधा घट्ट आहे, तर बहुधा अर्धवट इजा. सांधा सैल उघडतो, तर अस्थिबंध पूर्ण तुटलेला.

बहुतेक बोटे शस्त्रक्रियेविना बरी होतात. मध्ये कापसाची घडी ठेवून दुखरे बोट शेजारच्या बोटाला तीन-चार आठवडे चिकटपट्टीने बांधतात आणि दोन्ही बोटांची हालचाल लवकर सुरू करतात. उगाच फार दिवस जखडून ठेवले तर सांधा आखडतो. सूज काही महिने राहू शकते, त्याने घाबरू नये.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. दुचाकीवरून पडताना किंवा जनावराच्या दाव्याला हिसका बसून अंगठा बाहेर ताणला गेला, तर मुळाशी आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटतो. कधी त्याचे टोक स्नायूच्या पडद्यावर जाऊन अडकते. मग ते आपोआप जुळत नाही. स्वीडनचे डॉ. स्टेनर यांनी 1962 साली हे दाखवून दिले. अशा वेळी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी. दुर्लक्ष झाले तर चिमटीतला जोर जातो. आमच्या निफाड-दिंडोरीच्या बागाईतदाराला मग द्राक्षाच्या छाटणीची कात्रीही नीट धरवत नाही.

बोटाचे टोक खाली लोंबले आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर ती इजा अस्थिबंधाची नसून स्नायुरज्जूची असते. त्याला सहा ते आठ आठवडे पट्टी लागते. त्या काळात टोक एकदाही वाकू द्यायचे नाही.

मार लागताच अंगठी काढा, रुमालात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटे शेका, हात उंच ठेवा. चोळू नका, ओढू नका. बोट वाकडे दिसले, बधिर झाले, हलेना, किंवा अंगठ्याने चिमूट धरवेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोट लहान असले तरी हाताचे सारे काम त्याच्यावरच चालते.