संशय आणि निश्चय यांच्या मधले दिवस

आज आपण एकाच शब्दाचा विचार करणार आहोत : संशय. व्यवहारात हा शब्द आपण वाईट अर्थाने वापरतो. 'त्याचा स्वभावच संशयी' असे म्हणतो. पण न्यायदर्शनात गौतमांनी जे १६ पदार्थ सांगितले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा क्रमांक संशयाचा आहे. तिथे तो दोष नाही. शोधाची ती सुरुवात आहे.

वात्स्यायनांच्या भाष्यातले उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अंधुक उजेडात दूर काहीतरी उभे दिसते. खांब आहे की माणूस? उंची, रुंदी दोघांचीही सारखीच. हातपाय दिसले तर माणूस ठरेल, खोबण दिसली तर खांब ठरेल. पण तेवढेच नेमके अजून दिसत नाही. म्हणजे संशयात तीन गोष्टी असतात : सामान्य धर्म दिसलेला, विशेष धर्म न दिसलेला आणि त्या विशेषाची अपेक्षा. ही 'अपेक्षा' लक्षात ठेवा.

आता हे उदाहरण घरात आणू. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या छातीच्या फोटोत डाग निघतो. आमच्या कन्हानकडे कोळशाच्या खाणी, मनसर-कांद्रीकडे मँगनीजच्या. खाणीतल्या धुळीने फुफ्फुसात गाठी होऊ शकतात. टीबी बरा झाला तरी त्याचा वण मागे राहतो. न्यूमोनियाचा पॅच काही आठवडे दिसत राहतो. आणि कर्करोगाची गाठही सुरुवातीला अशीच दिसू शकते. बघा, खांब आणि माणूसच झाला ना हा! सामान्य धर्म फिल्मवर आहे, विशेष नाही.

डॉक्टर पुढे जे काही करतात तो विशेषाचा शोध असतो. सीटीमध्ये गाठीचा आकार आणि कडा दिसतात. थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू शोधतात. यंत्रावरची चाचणी काही तासांत होते, कल्चरला मात्र कित्येक आठवडे लागतात. पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली म्हणजे कर्करोगच, असे नाही. टीबीची गाठही चमकते. म्हणून पुष्कळदा शेवटी तुकडा काढून तपासावा लागतो.

'तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करू' हे वाक्य ऐकले की घरच्यांना वाटते, डॉक्टर टाळत आहेत. तसे नाही. काळ हीसुद्धा एक तपासणी आहे. गाठीचे आकारमान दुप्पट झाले तरी व्यास फक्त सव्वापट होतो. ८ मिलिमीटरची गाठ १० ची होते. हा फरक आठवड्याभरात पकडता येत नाही. भरीव गाठ दोन वर्षे तशीच राहिली, तर ती बहुधा निरुपद्रवी मानतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त धूम्रपान केलेल्या ५३ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांची सीटी केली गेली. त्यात जे अहवाल शंकास्पद आले, त्यांपैकी ९६ टक्क्यांच्या मागे कर्करोग नव्हता. हा आकडा तुमच्या घरचा निकाल नव्हे. पण 'डाग म्हणजे कर्करोग' हे समीकरण चूक आहे, एवढे तो सांगतो.

आमच्या घरीही सध्या हेच चालू आहे. सौ.च्या फुफ्फुसात ९ मिलिमीटरची गाठ दिसली आहे आणि दुसरी सीटी अजून व्हायची आहे. त्यामुळे पुढचे बोलणे केवळ पुस्तकी नाही.

अशा दिवसांत मनाला संशय सोसवत नाही. रात्री दोन वाजता ते निकाल देऊन मोकळे होते : 'संपले सगळे.' सकाळी शेजारी येऊन दुसरा निकाल देतात : 'काही नसतं हो, उगाच घाबरता.' न्यायाच्या भाषेत दोन्ही बोलणी एकाच जातीची आहेत. विशेष दिसलेला नसताना केलेला निश्चय. त्यातला एखादा पुढे खरा ठरला, तरी आज ते ज्ञान नसते. भीती आणि दिलासा दोघेही आपल्याला शोधापासून दूर नेतात.

मग करायचे काय? पहिले, डॉक्टरांना 'काय असेल?' एवढेच विचारून थांबू नये. 'आपण आता कशाची वाट पाहतो आहोत, ते केव्हा कळेल आणि तोवर कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे?' असे विचारावे. थुंकीतून रक्त, वाढता दम, झपाट्याने घटणारे वजन यांसाठी तारखेची वाट पाहायची नसते.

दुसरे, जुन्या फिल्म शोधाव्यात. खाणकामगारांच्या ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. तोच डाग दहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही तसाच असेल, तर हवा तो विशेष कपाटातच सापडला म्हणायचे.

तिसरे, निकाल काहीही लागो, जे योग्यच ठरेल ते आज करावे. बिडी बंद, चुलीचा धूर बंद, कागदपत्रांची फाइल एकत्र, मुलांना खरी हकीकत. शेत विकणे, लग्न पुढे ढकलणे असले निर्णय मात्र विशेष हाती येईपर्यंत थांबवावेत.

आणि शेवटचे. गाठ एकाच्या छातीत असते, पण संशय दोघांचा असतो. आजाऱ्याला धीर द्यायचा म्हणून जोडीदार हसत राहतो, आणि जोडीदाराला त्रास नको म्हणून आजारी गप्प राहतो. एका घरात दोन एकटी माणसे! त्यापेक्षा 'मलाही माहीत नाही, पण मी इथे आहे' असे म्हणावे. यातला पहिला भाग संशय आहे आणि दुसरा निश्चय. तो निश्चय करायला कोणत्याही अहवालाची गरज नसते.

आज इथेच थांबू.