विरुद्ध पक्षाचा पत्ता

नाशिकमध्ये लहान व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे इन्स्टाग्रामवर कुणी साडी दाखवली की काठपदर बघायच्या आधी माझी नजर जीएसटी नंबर शोधते. पंधरा अक्षर-आकड्यांच्या त्या ओळीत बरंच काही असतं. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, गोवा 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. ओळीतलं सहावं अक्षर ‘पी’ असेल तर मालक एकटी व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी. ‘येवल्यात आमच्याच मागावर विणलेली पैठणी’ अशी जाहिरात असेल आणि नंबर गुजरातच्या 24 ने सुरू होत असेल, तर मी थबकते. गुजरातच्या व्यापाऱ्यानं पैठणी विकू नये असं कुठे आहे? पण मग ‘आमच्याच मागावर’ कशाला म्हणायचं!

हा नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की लॉगिन न करताही मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि धंद्याचा पत्ता, सगळं दिसतं. मात्र नंबर नाही म्हणून कुणाला लबाड ठरवू नका. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीची सक्ती नसते.

नाव-पत्त्याची सक्ती दुसरीकडून येते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क उघड द्यायचा असतो. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. विक्रेत्यानं गिऱ्हाईक बनून स्वतःच्याच मालाचं कौतुक लिहिणंही या नियमांत बसत नाही. (तरी लिहितात. सगळ्या अभिप्रायांत व्याकरणाची तीच चूक सापडली की ओळखावं.)

हे सगळं का हवं, ते माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिसलं. रेशमी म्हणून मागवलेली साडी पॉलिस्टरची निघाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तिला स्वतःच्याच जिल्ह्यात तक्रार करता येत होती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पण अर्जात विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि तिच्याकडे होतं फक्त एका पेजचं नाव. तेही एव्हाना बदललेलं. पैसे गेले त्या यूपीआयवर तिसरंच नाव. नोटीस पाठवायची कुठे? शेवटी तिला सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन करायला सांगितलं. खरं तर तो पैसे गेल्यागेल्या करायचा असतो.

पण माझ्या क्लायंट मंडळींत घरून धंदा करणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांची अडचण नेमकी उलटी. नोंदणी झाल्यावर एकीचा घाबरून फोन आला, “मॅडम, पोर्टलवर माझ्या फ्लॅटचा नंबर दिसतोय! कुणी दारात येऊन उभा राहिला तर?” ही भीती उगाच नाही. रात्री साडीचा दर विचारण्याच्या निमित्तानं नको ते मेसेज तिला रोज येतात. माझं स्पष्ट मत असं की गिऱ्हाइकाला तिचा चेहरा आणि बेडरूमची खिडकी ठाऊक असायची काही गरज नाही. नोटीस पोचेल आणि कुणी तरी सही करून घेईल, एवढा पत्ता पुरे. पोर्टलनं सगळ्यांना नुसतं शहर दाखवावं आणि पूर्ण पत्ता बिलावर, म्हणजे खरेदी करणाऱ्यापुरता ठेवावा. आज तशी सोय नाही.

म्हणून तिच्या भावाच्या हार्डवेअरच्या दुकानाचा पत्ता घेतला. त्याचं संमतीपत्र आणि दुकानाचं लाइट बिल जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. नियमाप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र तिथे लावावं लागलं, दारावरच्या पाटीवर नंबर आला, हिशेबाच्या वह्याही तिथेच गेल्या. कपाटाचा एक खण रिकामा करताना भाऊ कुरकुरला, “मॅडम, उद्या खिळे घ्यायला आलेल्यानं पैठणीचा भाव विचारला, तर काय सांगू?”

म्हटलं, “बहिणीचा बिझनेसचा नंबर द्या. त्यासाठी वेगळं सिम घ्यायला लावलंय तिला.”