अनाक्रमक श्वसनसाहाय्य घेणाऱ्या अत्यवस्थ रुग्णांचे पोषण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे बीड जिल्ह्यातील अत्यवस्थ रुग्णांचे महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. २०२०-२१ मधील कोविड-१९ च्या साथीत प्राणवायू व खाटा यांची राज्यभर चर्चा झाली. मुखवट्यामागील रुग्ण जेवतो कसा, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच आला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
बायपॅप यंत्र घट्ट मुखवट्यातून दाबाने हवा पुरविते. श्वासनलिकेत नळी नसल्याने रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो व त्याला भूक लागते. परंतु जेवणासाठी मुखवटा काढताच रक्तातील प्राणवायू घटू शकतो. धाप लागलेली असताना गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ बिघडतो आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका संभवतो. काही हवा जठरात शिरून पोट फुगते व उलटीची भीती वाढते. या भीतीपोटी रुग्णास दिवसेंदिवस उपाशी ठेवले जाते. उपासमारीत शरीर स्वतःचे स्नायू खर्ची घालते. त्यांत श्वासपटलासारखे श्वसनाचे स्नायूही येतात. अर्थात, श्वास वाचविण्यासाठी रोखलेले अन्न कालांतराने श्वासच दुर्बल करते.

उपाययोजना :
युरोपीय नैदानिक पोषण संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्यास खाता येते त्यास तोंडानेच आहार द्यावा. ते शक्य नसल्यास व अन्य अडथळा नसल्यास ४८ तासांच्या आत नळीद्वारे आहार सुरू करावा. प्रथिनांचे प्रमाण क्रमशः दररोज प्रतिकिलो वजनास १.३ ग्रॅमपर्यंत न्यावे. ५० किलो वजनाच्या रुग्णास हे ६५ ग्रॅम होतात. केवळ पातळ पेजेने ही गरज भागत नाही.

व्यवहारात रुग्णांचे तीन गट पडतात. जो काही काळ नाकातील प्राणवायूवर स्थिर राहतो, त्यास ताठ बसवून, परिचारिकेच्या देखरेखीखाली, मऊ भात-वरणाचे लहान घास द्यावेत. ज्यास मुखवटा सोसून दूर करता येत नाही, त्याच्यासाठी राइल्स ट्यूबचा विचार करावा. नळीमुळे मुखवट्यातून हवा गळू शकते, म्हणून तो नीट बसवावा व उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी. ज्यास लवकरच कृत्रिम श्वसननलिका घालावी लागण्याची चिन्हे आहेत, त्यास तोंडाने काहीही देऊ नये.

ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या या जिल्ह्यात रुग्ण आधीच कृश असण्याची शक्यता लक्षात घ्यावी. दीर्घ उपासानंतर एकदम पूर्ण आहार दिल्यास रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम धोकादायकरीत्या घटू शकते. म्हणून आहार हळूहळू वाढवावा. डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांनाही, विचारल्याशिवाय पाणी वा घास का देऊ नये, हे समजावून सांगावे.

समारोप :
आहाराचा मार्ग कोणता व प्रत्यक्षात पोटात किती गेले, याची नोंद पहिल्या दिवसापासून केसपेपरवर असावी. महाविद्यालयांतील गृहविज्ञान व आहारशास्त्र विभागांनी रुग्णालयांच्या सहकार्याने स्थानिक धान्ये, डाळी, दूध व अंडी यांवर आधारित मऊ आहाराची प्रथिनमूल्यांसह तालिका सिद्ध केल्यास या कार्यास मोलाची मदत होईल.