दवाखान्यापलीकडचे नागपूर

आमच्या बाभुळगावात कोणी पहाटे हातात पिशवी घेऊन धामणगावच्या गाडीसाठी उभा दिसला आणि ‘नागपूरला चाललो’ म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘कोन भरती हाय?’’ विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी ‘आता नागपूरला न्या’ म्हटले, की आमच्याकडची कितीतरी माणसे पहिल्यांदा नागपूर पाहतात. पाहतात म्हणजे काय, तर केसपेपरची खिडकी, औषधांचे दुकान, वऱ्हांड्यातला नळ आणि फाटकासमोरची चहाची टपरी.

आईचे नागपूर हेच होते. वडिलांच्या आजारपणात तिने तिथे सगळे मिळून तीन-चार महिने काढले असतील. रात्री वऱ्हांड्यात चटई टाकायची, सकाळी झाडणारा आला की गुंडाळायची. वडील गेले त्याला सात वर्षे झाली. नंतर तिने त्या शहराचे नाव काढले नाही. गेल्या डिसेंबरात मुलांना नागपूर दाखवायचा बेत ठरला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुम्ही जा बाप्पा. माह्यं पाहून झालं.’’

नातीने हट्ट धरला म्हणून ती आली. पण रविवारी पहाटे निघताना तिच्या खांद्याला तीच खाकी पिशवी होती. आत चटई, चादर, थर्मास, बिस्किटांचा पुडा. एका दिवसासाठी चादर कशाला, असे सौ. विचारणार होती. मी डोळ्यांनी खुणावले.

धामणगावला गाडी मिळाली. वर्धा नदीचा पूल आला तसे आईने सवयीने हात जोडले. एरवी ती या पुलावर काय मागत असे ते मला माहीत होते. आज काय मागितले, ते विचारले नाही.

नागपूर स्टेशनवर तर्री-पोहे खाऊन मेट्रोत बसलो. 2019 च्या मार्चमध्ये ही मेट्रो सुरू झाली, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांच्या वेळी नुसते खांबच उभे होते. सरकत्या जिन्यापाशी आई थबकली, तर नातीने तिचा हात धरून ‘आता!’ अशी आज्ञा केली आणि दोघी वर गेल्या. पहिलेच स्टेशन ‘कॉटन मार्केट’. कापसाच्या जिल्ह्यातली माणसे आम्ही, कान टवकारलेच! पण तिथे आता बाजार भरतो तो भाजीचा. आई म्हणाली, ‘‘बरं हाय. भाजीले तरी भाव भेटत असन.’’

सीताबर्डीला गाडी बदलून झिरो माइलला उतरलो. चार दगडी घोडे आणि वालुकाश्माचा खांब. हा भारताचा मध्यबिंदू, असे शाळेत आम्हाला शिकवले होते आणि चिरंजीवांनाही तेच शिकवलेले. खरे तर इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही खूण. शेजारी 1907 सालचा उंची दाखवणारा दगड आहे, समुद्रसपाटीपासून 1020 फूट. मध्य मानलाच तर तो अखंड हिंदुस्थानचा, फाळणीनंतर तो कधीच सरकला. हे ऐकून चिरंजीव नाराज झाले. जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवणी, छिंदवाडा अशी अंतरे तिथे कोरलेली आहेत. आईला अक्षरे लागली नाहीत, म्हणून तिने नातीकडून नावे वाचून घेतली. ‘‘आपलं यवतमाळ नाही काय?’’ नव्हते. ‘‘मंग आपल्या लोकायले कसं कळन, किती दूर हाय ते,’’ एवढे बोलून ती घोड्यांकडे वळली.

सीताबर्डीचा किल्ला खालूनच पाहिला. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई इथेच झाली. किल्ला आता लष्कराकडे असून वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशीच लोकांना उघडतो. रविवारच्या पाहुण्याने वर पाहायचे आणि पुढे जायचे.

मग मुलांच्या हट्टापायी मेट्रोने पार खापरीपर्यंत जाऊन यायचे ठरले. आई खिडकीशी बसली होती. वाटेत एकदम तिने काचेला बोट लावले. ‘‘ते पाय!’’ गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या, मागचा लांब वऱ्हांडा, कोपऱ्यातले कडुनिंबाचे झाड. मी इतक्या वेळा तिथे गेलो, पण वरून ते मला ओळखूच आले नसते. ‘‘त्या झाडाखाली तुह्या बाबाले उन्हात बसवत होतो,’’ ती नातीला सांगत होती. ‘‘केवढं मोठं वाटे तवा. आन् हे पाय, इतलंसं हाय.’’ तोवर गाडी पुढे निघून गेली होती. परतताना तिने पुन्हा ती बाजू पकडली आणि ते येईपर्यंत डोळा हलवला नाही.

त्यानंतर रामन विज्ञान केंद्र झाले. 1992 साली सुरू झालेले हे केंद्र मुलांचे. मोठ्यांनी बाकावर बसावे. मग दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखोंसह जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथला सांचीच्या धर्तीचा स्तूप 2001 मध्ये खुला झाला. सांचीचा स्तूप भरीव आहे, हा आतून पोकळ. घुमटाखाली शिरताच मुले आपोआप गप्प झाली. आई बराच वेळ वर पाहत राहिली. बाहेर बोधिवृक्षाजवळ म्हणाली, ‘‘एवढ्या जवळ होतो तीन महिने. कोनी सांगतलंच नाही.’’ सांगणारा मीच होतो. मलाही तेव्हा सुचले नव्हते.

संध्याकाळी फुटाळ्यावर थंडी पडू लागली. तलाव भोसल्यांच्या काळचा, गर्दी मात्र थेट आजची. आईने पिशवी उघडली, चटई अंथरली, चादर मुलांच्या पायांवर टाकली. थर्मासमधला चहा अजून कोमट होता. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने चटईवर सरकून बसली.

परतीच्या गाडीत समोर एक बाई होती. पायाशी पिशवी, मांडीवर एक्स-रेचे मोठे पाकीट. आमची चटई पाहून तिने आईला विचारले, ‘‘कोन भरती हाय तुमचं?’’

‘‘कोनी नाही,’’ आई म्हणाली. ‘‘लेकरायले घेऊन नागपूर पाह्याले आलो होतो.’’ मग जरा थांबून तिने बिस्किटांचा पुडा त्या बाईपुढे केला. ‘‘तुमचं कोन हाय?’’

पुलगाव येईपर्यंत दोघी बोलत होत्या. उतरताना पाहिले, तर चादर आईच्या पिशवीत नव्हती.